बांधावरून : आकडा का घसरला, ते आधी पाहा



लावणी उरकून तीन-चार आठवडे झाले की आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, खाचर पिवळं पडलंय. युरिया किती टाकू?" मी उलट विचारतो, "चार रोपं उपटून मुळं पाहिलीत का?" बहुतेकांनी पाहिलेली नसतात. नत्र कमी पडले की भात पिवळा पडतो हे खरे. पण पाणी साचून मुळे कुजली तरी तो पिवळा पडतो, आणि खाडीकाठच्या जमिनीत खारे पाणी शिरले तरीही पडतो. पान एकाच रंगाचे दिसते, कारणे मात्र तीन. मुळे कुजलेली असताना युरिया टाकला तर पैसा जातो, आणि जो आठवडा निचरा काढण्यात घालवायचा तोही हातचा जातो.

आज मात्र भाताविषयी लिहायचे नाही. दोन वर्षांपूर्वी हाच धडा मला एका माणसाच्या आजारपणात पुन्हा शिकावा लागला, तो सांगायचा आहे. मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर. त्या वेळी डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते वहीत टिपून ठेवले होते. ते घरोघरी माहीत असावे असे वाटते, म्हणून आजचा बांध थोडा वेगळा.

बोरिवली स्टेशनाच्या पश्चिमेला खाडीवर जेट्टी आहे. तिथून बोटीत बसले की थोड्याच वेळात पलीकडे गोराई. खाडीच्या अलीकडे मजल्यावर मजले चढलेली मुंबई आणि पलीकडे नारळ, ताड, कोळीवाडा, भाताची खाचरे आणि भाजीच्या वाड्या. गाव मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, पण रात्री माणूस आजारी पडला तर आधी बोटीची चौकशी करावी लागते, नाहीतर उत्तन-भाईंदरचा लांबचा वळसा घ्यावा लागतो. तिथले एक शेतकरी माझ्या जुन्या ओळखीचे. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वांगी, मुळा आणि माठ. वय बासष्ट. सारा गाव त्यांना काका म्हणतो, तेव्हा आपणही काकाच म्हणू.

काकांची पाठ दुखू लागली ती ज्येष्ठात. पाण्याचे डबे उचलून लचक भरली असेल असे सर्वांनी धरले. तेल लावले, शेक दिला, एकाकडून पाठ चोळून घेतली. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, त्या रोज दोन-दोन, असे दोन महिने चालले. एक गोष्ट मात्र काकूंच्या ध्यानात आली होती. दिवसा वाडीत काम करताना काकांना बरे वाटायचे आणि रात्री आडवे झाले की दुखणे वाढायचे. लचकेचे दुखणे सहसा विश्रांतीने कमी होते, हे उलटे होते. काकूंनी दोनदा बोलून दाखवले, पण लावणीच्या गडबडीत कोणी मनावर घेतले नाही.

श्रावणात एके दिवशी काका माठाच्या जुड्या घेऊन बोरिवलीला निघाले. बोट जेट्टीला लागली. जन्मभर ज्यांनी बोटीतून उडी मारून धक्का गाठला त्यांना पायरीवर पाय ठेवता येईना. पाय जागचा हलेना. दोघांनी धरून उतरवले. त्यानंतर कुठे घरचे हलले.

मोठ्या रुग्णालयात मणक्याचा एमआरआय काढला. पाठीच्या मधल्या भागात एका मणक्यात गाठ होती आणि ती आत सरकून मज्जारज्जूवर दाबत होती. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारी मज्जातंतूंची जाड दोरी. पायांची ताकद, लघवी-शौचाचा ताबा, सारे तिच्यावर. डॉक्टर म्हणाले, दाब लवकर उतरवला पाहिजे. घरच्यांनी ओळखले की ऑपरेशन. थोरल्या मुलाने त्याच रात्री पैशांची जुळवाजुळव केली. दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी सांगितले, "आज ऑपरेशन नाही. प्लेटलेट फक्त ५८ हजार आहेत."

मुलाचा मला फोन आला. आवाज रडवेला आणि रागावलेला. "साहेब, काल म्हणाले लवकर करायला पाहिजे, आज म्हणतात थांबा. पांढऱ्या पेशी कमी आहेत म्हणे. मग बाटली चढवा आणि करा ना! नाहीतर आम्ही दुसरीकडे नेतो." मी दुपारी तिथे पोहोचलो. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाकावर बसवून वीस मिनिटे दिली. त्या वीस मिनिटांचे मोल मला अजून वाटते.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत. आपल्याकडे डेंग्यूच्या साथीपासून सगळे सरसकट 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. प्लेटलेट, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका, रक्त थांबवण्याचे काम करतात. बिझोझेरो नावाच्या इटलीतल्या डॉक्टरांनी १८८२ साली त्यांचे हे काम नीट ओळखले. निरोगी माणसाच्या टाचणीच्या टोकाएवढ्या रक्तात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, त्या साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात.

कोकणातल्या शेतकऱ्याला त्यांचे काम सांगायला फार शब्द लागत नाहीत. खेकड्याने बांध पोखरला आणि पाणी वाहू लागले तर आपण काय करतो? आधी चिखलाचे गोळे भोकात दाबतो, मग वर गवत-पेंढा घालून थापतो. रक्तवाहिनी फुटली की प्लेटलेट धावत येऊन भोकाला चिकटतात, ते चिखलाचे गोळे. त्यावर रक्तातल्या तंतूंची जाळी बसते, तो पेंढा. गोळेच पुरेसे नसतील तर पेंढा वाहून जातो.

हातावर जखम झाली तर वरून दाबून धरता येते. पोटातल्या ऑपरेशनमध्येही वाहणारी शीर बांधता येते, थोडे रक्त साचले तरी त्याला जागा असते. कण्याची पोकळी मात्र हाडाची, अरुंद, आणि तिच्यात ती नाजूक दोरी. तिच्याभोवती बारीक शिरांचे जाळे. तिथे रक्त झिरपले तर जोराने दाबून धरता येत नाही, कारण खाली मज्जारज्जू आहे. ऑपरेशन झाल्यावर आत रक्ताची लहानशी गुठळी धरली तरी तीच मज्जारज्जूला दाबते. म्हणजे जो दाब काढायला आत शिरलो, तोच दाब दुसऱ्या वाटेने परत. माणूस चालत आत जायचा आणि पाय गमावून बाहेर यायचा. म्हणून बऱ्याच मोठ्या ऑपरेशनांना ५० हजार प्लेटलेट चालवून घेतात, पण मेंदू आणि कण्याच्या ऑपरेशनला साधारण एक लाखाच्या वर असाव्यात असा डॉक्टरांचा आग्रह असतो. त्यात गाठीला रक्तपुरवठा जास्त. मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या कर्करोगाची गाठ कण्यात आली असेल तर ती इतकी रक्ताळ असते की ऑपरेशनच्या आधी तिच्या रक्तवाहिन्या आतून बुजवून घ्यावे लागते.

मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळं पटलं. मग चढवा ना प्लेटलेट."

त्यावर त्या जे म्हणाल्या ते ऐकून मला माझेच शब्द आठवले. "चढवायच्या तर आहेतच, लागल्या तर. पण कमी का झाल्या ते आधी बघू द्या."

कारणे कोणकोणती असतात तेही त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. एक, मुळात कमीच नसतील. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असते. काही माणसांच्या प्लेटलेट त्या औषधाने एकमेकींना चिकटतात आणि यंत्र पुंजक्याला एक मोजते. मग दुसऱ्या औषधाच्या नळीत रक्त घेऊन आणि काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहावे लागते. (शेणखताच्या ढिगाशेजारची माती परीक्षणाला पाठवली तर अहवाल खोटा येतो, तसेच हे.) दोन, पावसाळ्याचे दिवस, डेंग्यू किंवा हिवताप असेल. तीन, यकृताचा आजार आणि वाढलेली पानथरी, ती प्लेटलेट अडवून ठेवते. चार, एखादे औषध. कर्करोगावर किमोथेरपी चालू असलेल्यांचा आकडा तर त्या औषधानेच खाली येतो आणि काही दिवसांनी आपोआप चढतो. आणि पाच, कारखान्यातच बिघाड. प्लेटलेट तयार होतात हाडांच्या पोकळीतल्या मगजात, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. तिथेच रोग शिरला असेल तर बाहेर माल येणार कुठून?

या पाचांचे उपाय वेगवेगळे. पाचवे कारण असेल आणि नुसत्या पिशव्या चढवल्या तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"आम्ही थांबलोय म्हणजे हातावर हात ठेवून बसलेलो नाही," बाई म्हणाल्या. काकांना आदल्या रात्रीच स्टेरॉइडचे इंजेक्शन सुरू झाले होते. त्याने गाठीभोवतीची सूज उतरते आणि मज्जारज्जूला श्वास घ्यायला थोडी सवड मिळते. थोडीच. भाताची रोपे पुराच्या पाण्याखाली काही दिवस तग धरतात, त्यानंतर पाणी ओसरून उपयोग नसतो. मज्जारज्जूचेही तसेच, फक्त तिचे दिवस आणखी कमी. एका बाजूने ही घाई आणि दुसऱ्या बाजूने रक्त वाहण्याचे भय. ऑपरेशन करणारे डॉक्टर या दोहोंच्या मध्ये उभे असतात. बाहेर बसलेल्या आपल्याला ते फक्त उशीर करताना दिसतात.

त्याच दिवशी काचेवरची तपासणी झाली. आकडा खराच कमी होता. डेंग्यू नव्हता, यकृत ठीक होते. पण मूत्रपिंडे थकलेली निघाली आणि रक्तात एक भलतेच प्रथिन सापडले. मग कमरेच्या हाडातून सुईने मज्जेचा नमुना घेतला. मुलगा घाबरला, "पेशी कमी असताना सुई कशी घालता?" उत्तर सोपे होते. कमरेचे हाड कातडीखालीच असते, सुई काढल्यावर बोटाने दाबून धरता येते. कण्यात ते जमत नाही.

निदान झाले मल्टिपल मायलोमा. हा मज्जेतल्या पेशींचा कर्करोग. रोपवाटिकेत लव्हाळा माजावा तशा त्या पेशी मज्जेत माजतात, हाडे पोखरतात, मूत्रपिंडांना इजा करतात आणि चांगल्या रोपांना, म्हणजे प्लेटलेटना, जागा उरू देत नाहीत. कण्यातली गाठ आणि घसरलेला आकडा, ज्यांना आम्ही दोन वेगळी संकटे समजत होतो, ती एकाच मुळाला फुटलेली होती.

आणि इथेच काकांचे नशीब फिरले म्हणायचे. मायलोमाची गाठ किरणोपचाराला चांगली दाद देते. काकांचा मणका अजून ढासळला नव्हता, हाडाचा तुकडा आत घुसला नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी मिळून ठरवले की कण्यावर सुरी चालवायचीच नाही. चौथ्या दिवशी किरणोपचार सुरू झाला, मागोमाग मायलोमाची औषधे. आकडा कमी निघाला म्हणून कारण शोधले, आणि कारण सापडले म्हणून जोखमीचे ऑपरेशन टळले. पहिल्या दिवशी पिशव्या चढवून घाईने ऑपरेशन केले असते तर कदाचित निभावलेही असते. पण निभावले नसते तर त्याची भरपाई नव्हती.

प्रत्येकाचे असे टळत नाही, हेही सांगितले पाहिजे. मणका मोडून हाड आत घुसले असेल, कणा डळमळीत झाला असेल, किंवा गाठ किरणांना दाद न देणारी असेल, तर ऑपरेशन करावेच लागते, मग आकडा कमी का असेना. अशा वेळी ऑपरेशनच्या अगदी आधी आणि चालू असताना प्लेटलेट देतात आणि नंतरही काही दिवस आकडा उतरू देत नाहीत. जोखीम राहतेच. ज्यांचा आकडा आधीच कमी त्यांना रक्त जास्त चढवावे लागते आणि पुढची गुंतागुंतही अधिक दिसते. डॉक्टर सहीसाठी कागद पुढे करतात तेव्हा भिऊन किंवा रागावून सही करू नये. तीन गोष्टी विचाराव्यात : आकडा कशाने कमी आहे? ऑपरेशनऐवजी किरणोपचार चालेल का? थांबलो तर पायांचे काय होईल?

आता दात्यांविषयी. प्लेटलेट रक्तासारख्या फ्रिजमध्ये महिनाभर टिकत नाहीत. २० ते २४ अंशांवर, यंत्रात सतत हलवत ठेवून, सर्वसाधारणपणे पाच दिवस. पालेभाजी एक वेळ बरी. साठा नसतो म्हणून नातेवाइकांकडे दाते मागतात, त्यात रुग्णालयाचा काही डाव नसतो. एका बाटली रक्तातून काढलेल्या प्लेटलेटने मोठ्या माणसाचा आकडा पाच ते दहा हजारांनी वाढतो, म्हणून एका वेळी चार-सहा पिशव्या लागतात. यंत्रावर एकाच दात्याकडून काढल्या तर तीस ते पन्नास हजारांची वाढ मिळू शकते. दात्याचा वेळ दीड-दोन तास जातो, पण तांबड्या पेशी त्याला परत मिळतात, त्यामुळे अशक्तपणाचे भय नको. दात्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. चढवलेल्या प्लेटलेटही फार तर काही दिवस टिकतात. बाटली चढवली आणि आजार बरा, असे पी हळद हो गोरी इथे नाही.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून साऱ्या देशातून कर्करोगाचे रोगी तिथे येतात. खेड्यातला माणूस एक रोगी आणि एक सोबती असा दोघांनी येतो. त्याने या शहरात दाते कुठून आणावेत? आपल्या गावातली कामाला मुंबईत असलेली मुले, त्यांचे फोन नंबर आणि रक्तगट एका वहीत लिहून ग्रामपंचायतीत ठेवले तर आणीबाणीत फार उपयोग होतो. गोराईच्या तरुणांनी काकांच्या वेळी तेच केले. काकांना शेवटी एकदाच प्लेटलेट लागल्या, पण नावे अकरा आली होती.

गोळ्यांचे राहिलेच. काका दोन महिने जी दुखण्याची गोळी घेत होते, तशा गोळ्यांनी, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरेंनी, प्लेटलेटचे काम मंदावते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मायलोमात मूत्रपिंडे आधीच नाजूक, त्यात ही भर. ॲस्पिरिनने तर प्लेटलेट जन्मभरासाठी निकामी होतात, त्यांचा जन्म सात ते दहा दिवसांचा असतो एवढेच. म्हणजे आकडा भरपूर, पण कामाला उपयोग नाही. म्हणून ऑपरेशनची गोष्ट निघाली की घरात जे जे चालू असेल ते सारे डॉक्टरांपुढे ठेवावे. दुकानातली गोळी, काढा, चूर्ण, काही लपवू नये. पण हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, तेही डॉक्टरांनाच विचारा. काकांच्या सुनेने पपईच्या पानांचा रस काढून आणला होता. भाव चांगला होता, पण मज्जेत कर्करोग बसलेला असताना त्याने काम होत नाही. दिवस तेवढे जातात.

घरातल्यांनी, विशेषतः मायबहिणींनी, एवढे ध्यानात ठेवावे. पाठदुखी रात्री आडवे झाल्यावर वाढत असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर चोळणे-मोडणे बंद करून डॉक्टरांना दाखवा. पोखरलेला मणका चोळण्याने ढासळू शकतो. पाय जड होणे, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचेच पुढेही चालत राहण्याची शक्यता जास्त. सोबत रेशनकार्ड आणि आधार घ्या आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

काकांचा आजार मुळापासून गेलेला नाही. हा आजार सहसा आटोक्यात ठेवायचा असतो, औषधे चालूच आहेत. पण लव्हाळा कमी झाला तशी रोपे वाढली. दोन-अडीच महिन्यांत आकडा सव्वा लाखावर गेला. वजन उचलायची बंदी आहे, वाफे आता सून आणि मुलगा पाहतात. गेल्या महिन्यात मी गोराईला निघालो तेव्हा काका बोरिवलीच्या जेट्टीवर भेटले. तपासणी करून परत चालले होते, हातात काठी. मी आधाराला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू द्या साहेब," आणि काठी आधी बोटीत टाकून मागून स्वतः उतरले. पलीकडे पोहोचेपर्यंत विषय एकच, वांग्यावरची शेंडेअळी.

तिच्याविषयी पुढच्या अंकात. कळावे.